लस देणाऱ्या हातांना लस
आरोग्य कर्मचाऱ्यांमधील लसीकरणोत्तर परिणामांचा अभ्यास

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोना प्रतिबंधक लसीकरणाची मोहीम सुरू झाली. पहिला क्रम आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका, आशा स्वयंसेविका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक आणि रुग्णालयातील सफाई कामगार अशा सर्वांचा त्यात समावेश होता. पोलीस, महसूल व नगरपालिका कर्मचारी यांची पाळी २ फेब्रुवारीपासून आली आणि १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिकांसाठी केंद्रे खुली झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांना अग्रक्रम देण्याचे कारण उघड होते. रोग्याच्या निकट सहवासात त्यांनाच राहावे लागत होते.

या क्रमामुळे मात्र एक वेगळीच परिस्थिती निर्माण झाली. आपल्याकडील लसीकरण हा प्रामुख्याने बालकांचा व गरोदर मातांचा कार्यक्रम आहे. तान्ह्या मुलाला लस टोचल्यावर ताप आला तर ते रडते. त्याच्या अंगात नेमके काय होते ते त्याला सांगता येत नाही. येथे लस घेणारी व्यक्ती प्रौढ होती, वैद्यकीय ज्ञान असलेली होती, आणि पुढे इतरांना हीच लस देण्याचे काम तिलाच करावयाचे होते. साहजिकच तिला स्वतःला झालेला त्रास हा तिच्या एकटीपुरता प्रश्न राहिला नाही. ती घरी जाऊन काय सांगते, दुसऱ्या दिवशी कामावर येते की नाही, याकडे सारे गाव पाहत होते.

दोन आकडे

मोहिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १७ जानेवारी रोजी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पहिली आकडेवारी प्रसिद्ध केली. तोपर्यंत २,२४,३०१ व्यक्तींना लस देण्यात आली होती. त्यांपैकी ४४७ जणांना काही ना काही त्रास झाल्याची नोंद होती आणि तिघांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. हे प्रमाण हजारी दोन इतके पडते.

याच सुमारास, जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये, भारतातील काही डॉक्टरांनी लस घेतलेल्या आरोग्य व्यावसायिकांची एक पाहणी केली. तिला ५,३९६ जणांनी उत्तरे दिली. लस घेतल्यावर किमान एक तरी लक्षण जाणवले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के निघाले. थकवा ४५ टक्के, अंगदुखी ४४ टक्के, ताप ३४ टक्के आणि डोकेदुखी २८ टक्के अशी प्रमुख लक्षणांची क्रमवारी होती. विशीतील व्यक्तींमध्ये दर पाचांपैकी चौघांना काही ना काही जाणवले. वय जसजसे वाढत गेले तसतसे हे प्रमाण उतरत गेले.

हजारी दोन आणि शेकडा सहासष्ट! हे दोन आकडे शेजारी ठेवले की सामान्य वाचकाला प्रथम संशय येतो तो कोणीतरी काहीतरी लपविल्याचा. परंतु दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, कारण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिल्या आकड्यात केंद्रावर किंवा नंतर जे कोणी आपण होऊन तक्रार घेऊन आले त्यांचीच मोजदाद आहे, आणि तीही मोहिमेच्या अवघ्या दोन दिवसांतील. लस टोचल्यानंतर केंद्रावर अर्धा तास थांबण्याचा नियम होता. ताप व अंगदुखी मात्र बहुधा आठ-दहा तासांनी, रात्री घरी गेल्यावर सुरू होते. पॅरासिटामॉलची गोळी घेऊन सकाळी बरी होणारी परिचारिका त्यासाठी अर्ज भरावयास जात नाही. दुसऱ्या पाहणीत प्रत्येकाला मुद्दाम विचारण्यात आले होते. त्यातही एक उणीव आहेच. ज्याला त्रास झाला तो अशा प्रश्नावलीला उत्तर देण्यास अधिक उत्सुक असतो, म्हणून ६६ टक्के हा आकडा वास्तवापेक्षा थोडा चढाही असू शकेल. तथापि शेकडो कर्मचारी असलेल्या कोणत्याही रुग्णालयात त्या दिवसांत जे घडत होते, त्याच्याशी हा आकडा हजारी दोनपेक्षा अधिक जुळणारा होता, हे मान्य केले पाहिजे.

प्रशासनाच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. नोंदवहीत आलेला आकडा म्हणजे घडलेल्या घटनांचा आकडा नव्हे. एप्रिल २०२१ च्या आरंभापर्यंत देशात साडेसात कोटींहून अधिक मात्रा देण्यात आल्या होत्या. प्रतिकूल घटनांच्या २३ हजारांहून अधिक नोंदी त्यावेळी को-विन प्रणालीवर होत्या, आणि त्या आल्या होत्या देशातील ७५३ पैकी ६८४ जिल्ह्यांतून. उरलेल्या ६९ जिल्ह्यांत कोणालाही ताप आला नसेल असे समजणे कठीण आहे. ज्या जिल्ह्यातून शून्य नोंदी येतात तेथे बहुधा लस अधिक सुरक्षित नसते. नोंद घेणारी व्यवस्था दुबळी असते. जिल्हा आढावा बैठकीत मात्र अनेकदा शून्य नोंदीचे कौतुक होते, ही खेदाची बाब होय.

ताप का येतो

लस ही शरीराच्या संरक्षक व्यवस्थेला दिलेली एक पूर्वसूचना आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा, वाढू न शकणारा असा एक विषाणू वाहक म्हणून वापरलेला होता. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या कोवॅक्सिनमध्ये मृत केलेला कोरोना विषाणूच होता. तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला होता. दंडात अर्धा मिलिलिटर लस जाताच तेथील पेशी परक्या पदार्थाची चाहूल घेतात आणि रक्तात काही रासायनिक संदेश सोडतात. हे संदेश मेंदूतील तापमान नियंत्रण करणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचले की अंग तापते, हुडहुडी भरते, सांधे दुखतात. ज्याला आपण साध्या भाषेत अंगात कसकस म्हणतो ती या संदेशांचीच खूण. तरुण वयात ही संरक्षक व्यवस्था तडफेने काम करते, म्हणून तरुण परिचारिकेला रात्रभर ताप आणि साठीच्या डॉक्टरांना काहीच नाही, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसले. कोविशील्डच्या बाबतीत दुसऱ्या मात्रेनंतरचा त्रास पहिल्यापेक्षा सौम्य असतो असेही आढळून आले.

ज्यांना ताप आला नाही त्यांच्यात लस ‘लागू’ झाली नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. तापाशिवायही संरक्षण निर्माण होते. गावोगावी हा गैरसमज पसरला होता आणि काही सुशिक्षितांनीही त्याला हातभार लावला.

त्रासाची आणखी एक बाजू आहे आणि ती मनाची आहे. लसीच्या शास्त्रीय चाचण्यांत निम्म्या लोकांना खरी लस व इतरांना मिठाच्या पाण्यासारखे निष्प्रभ द्रव्य टोचले जाते. कोणाला काय मिळाले ते कोणालाच माहीत नसते. कोरोना लसींच्या अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. निष्प्रभ द्रव्य टोचून घेतलेल्यांपैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा यांसारख्या तक्रारी केल्या होत्या. हे लोक खोटे बोलत होते असा याचा अर्थ नाही. डोके खरोखरच दुखत होते. त्याचे कारण मात्र लसीत नव्हते. रात्रपाळी करून आलेली, घरी लहान मूल असलेली, महिनोन्‌महिने साथीच्या धास्तीत काम केलेली स्त्री सकाळी दहा वाजता उपाशीपोटी रांगेत उभी राहते आणि सुई पाहताच तिला भोवळ येते, यात लसीचा दोष काढता येत नाही. तिला आधी चार घास खाऊ घालून आणि बसवून लस टोचली तर भोवळीचे प्रसंग कमी होतात, हे अनुभवी आरोग्यसेविका जाणतात.

नंतर घडले म्हणजे त्यामुळे घडले काय?

लसीकरणानंतर जी कोणतीही अनिष्ट वैद्यकीय घटना घडते तिला ‘लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना’ म्हणतात. या व्याख्येत कारणाचा उल्लेख मुद्दामच केलेला नाही. आधी घटना नोंदवावी, कारण नंतर शोधावे, असा त्यामागील संकेत आहे. कारणांचे पाच प्रकार मानले जातात. लसीच्या मूळ गुणधर्मामुळे झालेला त्रास, लसीच्या उत्पादनातील दोष, लस देण्यातील चूक, सुईच्या भीतीमुळे वा चिंतेमुळे आलेली लक्षणे, आणि निव्वळ योगायोग.

योगायोग हा शब्द सरकारी खुलाशात आला की लोकांना ती पळवाट वाटते. म्हणून एक उदाहरण पाहणे इष्ट ठरेल. २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांतील ३१ गंभीर घटनांची छाननी राष्ट्रीय समितीने करून तिचा अहवाल जूनमध्ये पुढे आला. त्यांतील १८ घटना योगायोगाच्या ठरल्या. ३ घटनांचा संबंध थेट लसीशी जोडण्यात आला व एक घटना चिंतेमुळे घडल्याचे ठरले. सात प्रकरणांत निश्चित निर्णय करता आला नाही आणि दोघांची कागदपत्रेच अपुरी असल्याने वर्गवारी होऊ शकली नाही. थेट लसीशी जोडलेल्या तिन्ही घटना तीव्र वावड्याच्या होत्या आणि त्यांपैकी एका वृद्ध व्यक्तीचा मृत्यू झाला होता. लसीमुळे मृत्यू झाल्याचे शासकीय समितीने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले, याला महत्त्व आहे. जी समिती तीन घटनांचा दोष लसीकडे देऊ शकते, तिने अठरा घटनांना योगायोग म्हटल्यास त्यावर विश्वास ठेवता येतो. तीव्र वावड्याची प्रतिक्रिया बहुतांशी पहिल्या अर्ध्या तासात दिसते आणि अॅड्रिनलिनचे इंजेक्शन वेळीच मांडीत दिल्यास प्राण वाचतात. अर्धा तास थांबविण्याचा नियम त्यासाठीच होता; अनेक केंद्रांवर गर्दी वाढल्यावर तो ढिला पडला.

लस देण्यातील चुकीचा इतिहास तर महाराष्ट्राच्या परिचयाचाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. ही लक्षणे नोंदवूनच त्यांनी लस इतरांसाठी खुली केली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष प्रयोगशाळेकडे देण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे आली आणि १९०७ साली त्यांच्यावरील ठपका दूर झाला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. मुलकोवालच्या त्या एका बाटलीची चौकशी जर पहिल्या काही दिवसांत निःपक्षपातीपणे झाली असती तर एका संशोधकाची उमेद आणि कित्येक गावांचा लसीवरील विश्वास वाचला असता. अलीकडचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी तेथे पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांच्या तोंडात हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर घातले गेले. सुदैवाने मुले बचावली. चूक लसीची नव्हती, पण पुढील फेरीत आईच्या मनातली भीती लसीचीच असते.

पाच आरोग्य कर्मचारी

आरोग्य कर्मचाऱ्यांमधील दुष्परिणामांची नोंद साऱ्या जगाला कशी उपयोगी पडली याचे उदाहरण नॉर्वेमध्ये घडले. तेथे ॲस्ट्राझेनेका कंपनीची लस, म्हणजे आपल्याकडे कोविशील्ड या नावाने दिली गेलेली लस, मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांना देण्यात येत होती. सुमारे एक लाख तीस हजार लोकांनी ती घेतली होती. त्यांपैकी ३२ ते ५४ वयोगटातील पाच आरोग्य कर्मचारी लस घेतल्यानंतर ७ ते १० दिवसांत रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्या रक्तात गुठळ्या झाल्या होत्या आणि त्याच वेळी रक्त गोठविणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, विलक्षण घटल्या होत्या. गुठळ्या आणि रक्तस्राव एकाच देहात एकाच वेळी, हा विरोधाभासच डॉक्टरांना खटकला. पाचांपैकी तिघांचा मृत्यू झाला.

नॉर्वेने ११ मार्च २०२१ रोजी या लसीचा वापर थांबविला आणि पुढे मे महिन्यात ती कार्यक्रमातून वगळली. या पाच जणांच्या, तसेच जर्मनी व ऑस्ट्रियातील रुग्णांच्या रक्ततपासणीतून असे निष्पन्न झाले की, लसीनंतर काही थोड्या व्यक्तींच्या शरीरात प्लेटलेटशी निगडित असलेल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. गुठळ्यांवर एरवी दिले जाणारे हेपॅरिन हे औषध येथे टाळावयाचे, हेही त्यातूनच समजले. निदान व उपचार ठरल्यामुळे पुढील रुग्णांना वाचण्याची संधी मिळाली. एखाद्या रुग्णालयाने आपल्याच परिचारिकेची डोकेदुखी ‘कामाचा ताण’ म्हणून टाळली असती तर हे ज्ञान हाती येण्यास आणखी किती विलंब लागला असता, याची कल्पना करता येते.

भारतात १७ मे २०२१ रोजी राष्ट्रीय समितीने कोविशील्डनंतर गुठळ्या झाल्याची २६ संभाव्य प्रकरणे जाहीर केली. दर दहा लाख मात्रांमागे हे प्रमाण एकाहून कमी होते. युरोपीय देशांच्या मानाने ते बरेच कमी असले तरी धोका शून्य नव्हता. श्वास लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे, न थांबणारी तीव्र डोकेदुखी, दृष्टी धूसर होणे, टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर लाल ठिपके उमटणे, यांपैकी काही लस घेतल्यानंतर वीस दिवसांत दिसल्यास त्वरित कळवावे, अशी सूचना त्यावेळी देण्यात आली. ही सूचना गावपातळीवर किती पोहोचली याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. पोहोचली नाही म्हणूनच २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात या दुर्मिळ दुष्परिणामाची कबुली दिल्याची बातमी आली तेव्हा लोकांना ती नवी वाटली. तीन वर्षांपूर्वी लस घेतलेले लोक रक्ततपासणीसाठी धावू लागले. वास्तविक या विकाराचा धोका लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपुरता असतो. २०२१ मध्ये मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट २०२४ मध्ये गौप्यस्फोट ठरू शकली नसती.

कर्मचाऱ्यांचा विश्वास

लसीचा त्रास सोसून पुढे जाण्यास आरोग्य कर्मचारी तयार असतात; परंतु आपल्याला काही झाले तर आपल्यामागे कोण आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच. अमेरिकेत २००३ साली जैविक हल्ल्याच्या भीतीने सुमारे पाच लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना देवीची लस देण्याची योजना आखण्यात आली होती. देवीच्या जुन्या लसीचे दुष्परिणाम तीव्र असतात हे ठाऊक होते. तरीही इजा झाल्यास उपचाराचा खर्च व बुडालेला पगार कोण देणार, याची तरतूद आरंभी करण्यात आली नव्हती. कर्मचारी मागे राहिले. मार्चअखेरीस लस घेतलेल्यांत हृदयदाहाचे रुग्ण आढळले. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो ३० एप्रिल रोजी. तोवर उत्साह ओसरला होता. एकूण लस घेणारे ४० हजारही झाले नाहीत.

आपल्याकडे अनेक रुग्णालयांत सर्व परिचारिकांना एकाच दिवशी न बोलावता पाळीपाळीने लस देण्यात आली. त्यामुळे एका कक्षातील सर्वजणी एकाच रात्री तापाने फणफणल्या असे झाले नाही. ही साधी योजना जेथे झाली नाही तेथे दुसऱ्या दिवशी रजेचा प्रश्न उभा राहिला. आशा स्वयंसेविकेची स्थिती याहून बिकट. तिला मानधन व कामाच्या प्रमाणात मोबदला मिळतो. लस घेतल्यावर ताप आल्याने गृहभेटी चुकल्या तर तेवढा मोबदला बुडतो. तिने ताप अंगावर काढून फेरी पूर्ण केली तर गावाला वाटते, हिला काहीच झाले नाही. आणि ती घरी झोपून राहिली तर गाव म्हणते, पाहा, लसीने आजारी पडली. खरे काय झाले ते तिला सांगता यावे यासाठी गावाला आधीच सूचना दिलेली असणे आवश्यक असते. ‘एक-दोन दिवस ताप व अंगदुखी होण्याचा संभव आहे, गोळी घ्या, पाणी प्या, तिसऱ्या दिवशीही ताप राहिला, किंवा डोके दुखणे थांबले नाही, तर दवाखान्यात या’ एवढी वाक्ये ग्रामसभेत किंवा शाळेच्या पालकसभेत सरपंचांनी अथवा मुख्याध्यापकांनी उच्चारली तरी पुरे होते.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोना लसीकरणासंबंधीच्या एका याचिकेवर निर्णय देताना कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. त्याचबरोबर प्रतिकूल घटनांची माहिती, व्यक्तीची ओळख उघड न करता, सर्वांना पाहता यावी, आणि डॉक्टरांप्रमाणेच सामान्य माणसालाही अशी घटना नोंदविता यावी, असे निर्देश न्यायालयाने केंद्र शासनाला दिले. नोंदीचा अधिकार अशा रीतीने लस घेणाऱ्याच्या हाती आला.

प्रत्यक्ष कार्यपद्धती फारशी अवघड नाही. मृत्यू, रुग्णालयात दाखल होणे, अपंगत्व, किंवा एकाच ठिकाणी अनेकांना एकदम होणारा त्रास या घटना गंभीर समजल्या जातात व त्या ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावयाच्या असतात. ठराविक नमुन्यातील अहवाल जिल्ह्यामार्फत ४८ तासांच्या आत राज्य व राष्ट्रीय पातळीवर जावा लागतो. त्यानंतर जिल्हा समिती सविस्तर तपास करते. तक्रार करणारी व्यक्ती स्वतः आरोग्य कर्मचारी असेल तर नमुना तिने स्वतः भरू नये, दुसऱ्याने भरावा. त्या सत्रात वापरलेली कुपी फेकून न देता शीतसाखळीत वेगळी ठेवावी, तिचा बॅच क्रमांक व उघडल्याची वेळ लिहून घ्यावी, आणि त्याच कुपीतून लस घेतलेल्या इतरांच्या घरी त्याच दिवशी माणूस पाठवून त्यांची प्रकृती पाहून यावी.